गेम न खेळणाऱ्यानं गेमवाले अ‍ॅनिमे कसे बघायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी टिळकवाडी, बेळगावचा. गेम कधी खेळलेलो नाही, मोबाईलवर नाही की कॉम्प्युटरवर नाही, ओढच नाही त्याची. पण सध्या फॅन्टसी अ‍ॅनिमे, म्हणजे जादू-राक्षसांच्या जपानी कार्टून मालिका, लई बघायलोय. भाची निपाणीहून सुट्टीला आलीय, तिनंच लावून दिलं, आता रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं बसतो, आईपण येऊन बसते.

फ्रीरेन संपवलं. राक्षसांच्या राजाला मारून झाल्यावर गोष्ट सुरू होते हेच मला फार आवडलं, गेममधलं काही कळायची गरजच पडली नाही. डिलिशस इन डंजन तर त्याहून भारी. पहिल्याच एपिसोडात विंचू आणि चालणाऱ्या मशरूमचा रस्सा करतात, विंचवाची शेपूट काढून टाकायची, अंगाला चिरा द्यायच्या म्हणजे रस चांगला उतरतो, त्यातला स्वयंपाक करणारा सेन्शी असं सांगतो की बघता बघता भूक लागते. हिरोच्या बहिणीला ड्रॅगननं गिळलंय, ती पचायच्या आत पोचलं तरच जिवंत करता येणार, हा नियम गेममधनं आला असेल पण त्यातली घाई मला कळते.

घोडं अडलंय पुढं. सोर्ड आर्ट ऑनलाइन लावलं, दहा हजार माणसं गेममध्ये अडकलीत, एचपी, म्हणजे किती जीव उरलाय तो आकडा, शून्य झाला की खरंच मरण, इथंवर अंगावर काटा आला. मग पहिल्या मजल्यावरच्या बॉसशी, म्हणजे तिथल्या मोठ्या राक्षसाशी, लढताना 'स्विच' म्हणून ओरडतात, भाची उठून उभी राहते आणि मला कळतच नाही काय झालं ते. सोलो लेव्हलिंगमध्ये पण हवेत निळी पाटी येते, हिरोच्या ताकदीचे आकडे वाढतात, ती खूश. मला तो आनंद पाहिजे. ती म्हणते, "मामा, एकदा खेळून बघ की, मग कळतंय." मला खेळायचं नाही, बघायचंय. तर नेमकं काय माहीत असलं की पुरे? आणि पुढं काय बघू?

प्रतिसाद १
दादा, खेळायची अजिबात गरज नाही. लेव्हल, एचपी, योद्धा-जादूगार हे सगळं १९७४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्समधलं, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायची. जपानात ते घराघरात नेलं १९८६ च्या ड्रॅगन क्वेस्टनं, त्यात स्लाइम, म्हणजे लिबलिबीत गोळा, हा सगळ्यात किरकोळ राक्षस, म्हणून स्लाइम हिरो झाला की तिकडच्या लोकांना मजा वाटते.
लढाईत फक्त कोण कुठं उभा आहे ते बघा. पुढचा टँक मार झेलतो, राक्षसाचं लक्ष आपल्यावर ओढून ठेवतो, मागचा हीलर त्याला जगवतो, हीलर पडला की सगळ्यांचं अवघड. 'स्विच' म्हणजे एकानं वार अडवून राक्षसाचा तोल घालवायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्यानं आत घुसायचं, त्या दोघांचा एकमेकांवर भरवसा किती आहे ते तिथं दिसतं. आणि सोलो लेव्हलिंगमध्ये राक्षस मारणाऱ्या शिकाऱ्याची ताकद एकदा जागी झाली की आयुष्यभर तेवढीच, वाढत नाही, फक्त ह्या एकट्या हिरोची वाढते आणि तोसुद्धा आधी सगळ्यात कमजोर. हे डोक्यात ठेवून ती पाटी परत बघा.

प्रतिसाद २
तुम्हाला रस्सा आवडला ना, मग लॉग होरायझन बघाच. २०१३ चं आहे, पहिला सीझन २५ एपिसोडचा. गेमच्या जगात अडकतात पण मरणाची भीती नाही, भांडण शहर कसं चालवायचं ह्याचं. मेनूत बटण दाबून केलेलं जेवण तिथं पूर्ण बेचव असतं, पुढं एक जण स्वतःच्या हातानं रांधून बघतो आणि चव येते, तिथनं अख्ख्या शहराचा बाजार बदलतो. टँक-हीलरचं पण त्यात सावकाश, नीट समजावून सांगितलंय.

मूळ लेखक
दोघांचे खूप खूप आभार. सोलो लेव्हलिंगचं ते भाचीलाही शब्दात सांगता येत नव्हतं, उद्या पहिल्यापासनं परत लावतो. आता एकच, लॉग होरायझन हिंदीत आहे का कुठं? आईला सबटायटल वाचायला जमत नाही आणि जेवणाचं ऐकल्यापासनं ती मागं लागलीय.