कोट्सजवळचं गोल दगडी घर कुणाचं?

सायली_यूके
रविवारी इंग्लंडात सायरनसेस्टरजवळ कोट्सला गेलो होतो. कालव्याच्या सॅपर्टन बोगद्याचं तोंड पाहिलं आणि कोरड्या कालव्याच्या कडेनं निघालो. थोडं पुढं झाडीत तीन मजली गोल दगडी घर, वर छप्परच नाही. नवरा म्हणे पवनचक्की, मी म्हटलं बुरूज. कुणाला माहीत आहे का?

कालवेवाला
पवनचक्की नाही, बुरूजही नाही :) टेम्स अँड सेव्हर्न या नावा चालवायच्या कालव्याच्या राखणदाराचं घर आहे ते. कालवा १७८९ साली पुरा झाला, त्यानंतर दोनेक वर्षांत अशी पाच घरं उठली: चॅलफर्ड, कोट्स, सर्नी विक, मार्स्टन मेझी, इंगल्शम. कोट्सला खाली तबेला, मधे राहायची खोली, वर झोपायची. छप्पर होतं तेव्हा मधोमध खोलगट, पावसाचं पाणी धरायला. दारात कालवा, आणि प्यायला आभाळाचं पाणी!

काम म्हणाल तर आपल्या पाटकऱ्याचंच. नेमून दिलेल्या पट्ट्यात फिरायचं, झुडपं काढायची, गळती बुजवायची. तिथं तर गळतीनं जीव काढला असणार. खाली चुनखडक. कालव्याच्या तळाला चिकणमातीचं अस्तर होतं, पण हिवाळ्यात भूजल चढलं की झरे ते खालून उचकटायचे आणि उन्हाळ्यात त्याच भोकांतून पाणी पसार. फावडं घेऊन एकटा माणूस काय करणार? शेवटी पूर्वेकडचा बराचसा कालवा १९२७ साली सोडून दिला, उरलेला १९३३ साली.

सायली_यूके
अरे वा! पण तबेला कशाला?

कालवेवाला
कालव्यावर नावा ओढायचं सगळं काम घोड्यांचंच. बोगद्यात मात्र घोड्याला वाटच नाही. साडेतीन किलोमीटर अंधारात माणसं नावेत पाठीवर पडून भिंतीला पाय रेटत नाव ढकलायची.

नीराकाठचा
आमचे आजोबा नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी. चौकी काळ्या दगडाची, पण चौकोनी. भरावात खेकड्याचं बीळ दिसलं की बुजवल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचे नाहीत. २०१८ साली पुण्यात मुठा कालवा फुटला आणि खापर उंदीर-खेकड्यांवर फुटलं, तेव्हा सगळे हसले. मला नाही हसू आलं. खेकडे तेव्हाही होतेच की, बिळं बुजवणारा माणूसही होता.

सायली_यूके
सर्नी विकचं घर आतून बघता येतं का?

कालवेवाला
नाही, तिथं लोक राहतात. वाटेवरूनच बघा. आणि गमबूट न्या, चिखल असतो.