मदत हवी आहे: इशापूरची २ए१ रायफल घ्यावी की सोडावी?

नमस्कार मंडळी. मी ह्यूस्टनला असतो. काल गन शोमध्ये एक जुनी बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्टची दांडी ओढायची) रायफल पाहिली. विकणारे आजोबा छातीठोकपणे म्हणाले, दुसऱ्या महायुद्धातली आहे. बोल्टच्या दांडीखालच्या लोखंडी पट्टीवर मात्र आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर), २ए१ आणि १९६७ असा ठसा! म्हणजे आपल्या बंगालमधल्या इशापूर कारखान्याची, ७.६२ मिमीची. मी गप्प बसलो, भाव करताना कामी येईल.

बोल्ट आणि बॉडीवरचे नंबर जुळतात, पण बोल्टवरचे आकडे जरा जास्तच ताजे वाटले. नंतर ठोकले असतील का? मॅगझिन चौकोनी आहे, ते ठीक. मॅगझिनच्या पुढे लाकडात आडवा स्क्रू आहे. तो इशापूरचाच ना, की फुटलेलं लाकूड सांधलंय? नळीत टॉर्च मारला तर आटे ठळक दिसले, तोंडाशी मात्र काळपट ठिपके. नुसती काजळी की गंजाचे खड्डे? आजोबा म्हणतात, "पुसलं की जातं." मग पुसलं का नाही?

हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांमधली फट) गनस्मिथकडून तपासून घेणारच. पण त्याआधी आणखी काय बघू? शो उद्या संपतोय, जाणकारांनी जरा लवकर सांगा.