मेंदूला मार लागल्यावर मेमरी गेम्सचा उपयोग होतो का? बार्बरा विल्सन यांच्या कामाबद्दल कोणाला माहितीये?

निशिगंध:
धाकट्या भावाला अपघातात डोक्याला मार लागलाय. जुनं सगळं आठवतं, शाळेतल्या पोरांची नावंसुद्धा, पण सकाळी ठरलेलं दुपारपर्यंत गायब. मोबाईलवर ब्रेन ट्रेनिंगचे गेम रोज खेळतो, त्यात स्कोअर मस्त वाढलाय, आणि गोळी घेतलीस का विचारलं की नुसता बघत राहतो. ब्रिटनच्या न्यूरोसायकॉलॉजिस्ट (मेंदू आणि स्मृती-वागणं यांचा संबंध बघणाऱ्या मानसशास्त्रज्ञ) बार्बरा विल्सन यांच्याबद्दल थोडं वाचलं तर सूर असा की स्मरणशक्ती परत आणायच्या मागे लागण्यापेक्षा रोजची कामं कशी जमतील ते बघा. हे हात टेकणं नाही का? आणि घरी सगळे त्याला सारखं "आठव बघू, आठव बघू" करतात, ते करावं का?

खारुताई:
रिहॅबमध्ये, म्हणजे पेशंटच्या पुनर्वसनात, काम करते म्हणून लिहितेय. गेमचं तुम्ही म्हणताय तसंच होतं. २०१० मध्ये ११,४३० लोकांवर ऑनलाईन अभ्यास झाला होता, सहा आठवडे ट्रेनिंग, जे खेळले त्यात सुधारले पण बाकीच्या टेस्टमध्ये काही खास फरक नाही. ते लोक निरोगी होते हे खरं, पण मार लागलेल्या मेंदूत गेममधली हुशारी आपोआप गोळ्यांच्या डबीपर्यंत पोचेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

"आठव बघू" मात्र बंद करा. मानसशास्त्रज्ञ बॅडली आणि विल्सन यांचा १९९४ चा प्रयोग आहे, स्मृती गंभीरपणे गेलेल्या लोकांना शब्द शिकवायचे, एकदा सुरुवातीची अक्षरं देऊन अंदाज करायला लावून आणि एकदा सरळ उत्तर सांगून. सरळ सांगितलेलं कितीतरी जास्त टिकलं. कारण असं की आपण चुकलो तर "मगाशी हे चुकलं होतं" हे आपल्याला आठवतं म्हणून आपण सुधारतो, त्यांना चूक झाल्याचंच आठवत नाही, पण तोंडातून एकदा निघालेलं चुकीचं उत्तर मात्र आत कुठेतरी बसतं आणि पुढच्या वेळी तेच आधी येतं! म्हणून चूक होऊच न देता शिकवायचं, याला एररलेस लर्निंग म्हणतात. प्रश्न विचारून ताटकळत ठेवायचं नाही, "गोळ्या निळ्या डबीत आहेत" असं सांगायचं, त्याच्याच हाताने डबी उघडून घ्यायची, आणि मग मदत हळूहळू कमी करत जायची. विसरणं सौम्य असेल तर एवढी गरज नसते.

उलटतपासणी:
विल्सनबाईंचा पेजरवाला अभ्यास पण सांगा की. न्यूरोपेज, म्हणजे ठरल्या वेळी कामाची आठवण पेजरवर (जुन्या काळचं खिशातलं मेसेज यंत्र) पाठवायची सोय. मूळ कल्पना कॅलिफोर्नियातली, एका इंजिनिअरची ज्याच्या स्वतःच्या मुलाला डोक्याला मार लागला होता. २००१ मध्ये १४३ जणांवर चाचणी छापून आली, पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोकांची रोजची कामं पेजरमुळे लक्षणीय सुधारली. पण आता फोनचा अलार्म फुकट आहे, मग थेरपिस्ट कशाला, असं कोणी म्हणेल. 🙂

निशिगंध:
अलार्म लावलाय हो, तो वाजतो, हा बंद करतो आणि कशाला वाजला होता तेच आठवत नाही.

खारुताई:
तेच तर! पेजरवर नुसता आवाज नव्हता, काय करायचं ते शब्दांत लिहून यायचं. फोनवर पण "आत्ता उठून निळ्या डबीतली गोळी घे" असा पूर्ण मेसेज हवा, आणि डबी त्याच वेळी समोर हवी, कारण खोलीतून बाहेर जाईपर्यंत परत विसरतात. आणि मेसेज कोणते ते त्याला विचारून ठरवा, नाहीतर कटकट वाटून फोनच बंद ठेवेल. विल्सन यांनी १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या इलीला ऑलिव्हर झँगविल सेंटर हे मेंदूला मार लागलेल्यांचं रिहॅब केंद्र सुरू केलं तिथे पण ध्येयं पेशंट आणि घरच्यांना बरोबर घेऊनच ठरवायची पद्धत होती. हात टेकणं वगैरे काही नाही यात, पोरगा स्वतःची गोळी स्वतः घेतोय.

बाय द वे अपघाताला किती काळ झाला? सुरुवातीच्या महिन्यांत मेंदू आपला आपणही बराच सावरतो, तेव्हा न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून नीट तपासणी करून घ्याच, कारण कधीकधी प्रॉब्लेम स्मृतीचा नसून लक्षाचा असतो, गोष्ट आत गेलेलीच नसते मग आठवणार काय.

निशिगंध:
चार महिने होतायत. टीव्ही चालू असताना सांगितलेलं तर शून्य राहतं, आता कळलं. आईला सांगते, आधी टीव्ही बंद मग बोलायचं. तपासणीचं या आठवड्यात विचारते.