केएचएलमधले पॉइंट एनएचएलच्या मापात कसे मोजायचे? मदत हवी आहे

आइस हॉकीतल्या रशियन केएचएल लीगचा गुणांक काढतोय, म्हणजे तिथला एक पॉइंट (गोल किंवा गोलला मदत) उत्तर अमेरिकेच्या एनएचएलमध्ये किती भरतो: तोच खेळाडू, लागोपाठचे दोन हंगाम (आधी केएचएल, मग एनएचएल), दर सामन्यामागे पॉइंट. फक्त फॉरवर्ड (आक्रमक खेळाडू), प्लेऑफ (हंगामानंतरचे बाद फेरीचे सामने) वगळून.

पानारिन: २०१४-१५ मध्ये ५४ सामन्यांत ६२, पुढच्या वर्षी शिकागोकडून ८० मध्ये ७७. गुणांक ०.८४. काप्रिझोव: ५७ मध्ये ६२, मग मिनेसोटाकडून ५५ मध्ये ५१, म्हणजे ०.८५. इथवर छान जुळतंय. पण शिपाच्योव! ५० सामन्यांत ७६ पॉइंट करून वेगासला गेला, तीन सामन्यांत एक गोल, आणि परत रशियात. त्याला धरलं तर सरासरी कोसळते, वगळलं तर टिकलेल्यांचीच सरासरी उरते आणि गुणांक फुगतो. शिवाय पानारिनच्या लाइनमध्ये (एकत्र खेळणाऱ्या तीन फॉरवर्डच्या गटात) पॅट्रिक केनसारखा स्टार होता, तो फायदा वेगळा.

किमान २० सामन्यांची अट लावून पाहिली. शिपाच्योवसारखे नेमके तिथेच गळतात. रिंकच्या रुंदीचा (पारंपरिक आंतरराष्ट्रीय रिंक ३० मीटर, एनएचएलची सुमारे २६) हिशेब अजून धरलेला नाही. आइस टाइमची (खेळाडू किती मिनिटं बर्फावर होता याची) आकडेवारी हाताशी आहे, व्हिडिओ नाही.

तर कमी सामने खेळलेल्यांना वगळण्याऐवजी सामन्यांच्या संख्येनुसार वजन द्यावं, की पॉइंट दर ६० मिनिटांमागे मोजून पॉवरप्ले (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ) वेगळा काढावा?