स्पंज कोणाचा? (ग्रुप: सी विंग – फक्त कामाच्या सूचना)

सचिव (२०१): सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या विंगची ड्रेनेज लाइन काल पुन्हा तुंबली. प्लंबरने पहिल्या मजल्याच्या बेंडमधून स्पंज काढला आहे. ज्यांचा असेल त्यांनी कृपया पुढे येऊन सांगावे. खर्च संबंधितांकडून वसूल केला जाईल. यापुढे कोणीही लाइनमध्ये स्पंज टाकू नये ही नम्र विनंती. 🙏

१०४ काकू: फोटो टाका.

४०४ काका: "संबंधित" म्हणजे चौथा मजला, असंच ना? मागे बाटलीचं झाकण निघालं तेव्हाही पहिली बेल आमचीच वाजली होती. झाकण कोणाकडचं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी नाव घेत नाही.

सचिव (२०१): काका, मीही कोणाचं नाव घेतलेलं नाही.

४०४ काका: बेल मात्र वाजवलीत.

२०३ वहिनी: आमच्याकडे तारेची घासणी आहे. आम्ही सुटलो 😄

१०१ आजोबा: 🌹 शुभ सकाळ 🌹 आनंदी रहा, निरोगी रहा 🌹

३०३ सर: सचिवसाहेब, नोटीस काढायची तर कुठला स्पंज ते लिहा. गादीतला, भांड्यांचा, अंघोळीचा? खरं तर स्पंज हा प्राणी आहे.

५०१: सर, प्राणी पाइपात शिरला असं म्हणायचंय का? 😳

३०३ सर: थट्टा पुरे. पोरिफेरा संघ, आठ हजारांहून अधिक ज्ञात जाती. बहुतेक समुद्रात, थोड्या गोड्या पाण्यात. मेंदू नाही, मज्जासंस्था नाही, पोट नाही, रक्त नाही. एका जागी चिकटून बसायचं, अंगभर असलेल्या बारीक छिद्रांतून पाणी आत ओढायचं, त्यातले जिवाणू आणि कण खायचे, उरलेलं पाणी मोठ्या भोकातून बाहेर सोडायचं. जन्मभर एवढाच उद्योग.

४०४ काका: मेंदू नाही, खुर्ची सोडत नाही आणि येईल ते आत ओढतो. कमिटीवर घेतलाय की काय?

२०३ वहिनी: 🤣🤣

सचिव (२०१): काका, आपण ज्येष्ठ आहात म्हणून काही बोलत नाही.

१०४ काकू: फोटो टाका. आधी फोटो.

४०२ डॉक्टर: भांड्यांचा असेल तर मला दोन शब्द बोलू द्या. २०१७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी रोजच्या वापरातल्या १४ घासण्या तपासल्या होत्या. काही जागी एका घन सेंटिमीटरमध्ये ५४ अब्जांपर्यंत जिवाणू होते. सगळे घातक नसतात, घाबरू नका. पण ओलसरपणा, अन्नाचे कण आणि लपायला भोकं, असं तिन्ही एकत्र दुसरीकडे कुठे मिळणार त्यांना? वास यायला लागला की घासणी फेका. कचऱ्याच्या डब्यात, सिंकमध्ये नाही.

२०३ वहिनी: मायक्रोवेव्हमध्ये फिरवली तर चालते ना? व्हिडिओ आला होता.

४०२ डॉक्टर: कोरडी घातलीत तर पेट घेईल. तारेची तर अजिबात नको. एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवी घ्या.

२०३ वहिनी: डॉक्टर, विषय निघालाच आहे तर, धाकट्याला रात्रीपासून ताप आहे. स्पंजिंग गार पाण्याने करू का?

४०२ डॉक्टर: गार नको, बर्फ तर नकोच. कोमट पाण्यात फडकं बुडवून, पिळून अंग पुसा. कुडकुडायला लागला तर लगेच थांबा. कुडकुडण्याने शरीर आणखी तापतं. बाकी मला फोन करा, इथे नको.

सचिव (२०१): कृपया विषयावर राहूया.

३०२ (धाकटा): काका, क्लबहाउसच्या टीटीच्या बॅटचा स्पंज पण निघालाय. मी दिवाळीआधी सांगितलं होतं. तो तर नसेल पाइपात?

सचिव (२०१): बॅटचा विषय पुढच्या मीटिंगमध्ये.

३०२ (धाकटा): मागच्या मीटिंगमध्ये पण पुढच्या मीटिंगमध्ये म्हणाला होतात.

४०४ काका: शाब्बास बाळा. त्या बॅटच्या स्पंजने इतिहास घडवलाय. १९५२ ची टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला. तोवर सगळे नुसत्या दाणेदार रबराने खेळायचे, टक-टक आवाजावरून चेंडूचा अंदाज घ्यायचे. याच्या बॅटचा आवाजच येईना. पठ्ठ्या विजेता झाला. पुढे १९५९ मध्ये जाडीवर बंधन आलं, रबर आणि स्पंज मिळून ४ मिलिमीटर. आपल्या बॅटला तर नुसतं लाकूड उरलंय. नियमात बसणारच.

१०४ काकू: फोटो कोणी काढलाय की नाही?

सचिव (२०१): काकू, प्लंबर वस्तू वॉचमनकडे ठेवून गेला आहे. मी ऑफिसमध्ये आहे. संध्याकाळी टाकतो.

१०४ काकू: म्हणजे न बघताच नोटीस काढलीत.

५०१: 👆 मुद्दा आहे.

सचिव (२०१): प्लंबरने फोनवर "स्पंज" असंच सांगितलं.

५०१: तो काहीही मऊ दिसलं की स्पंजच म्हणणार. आमच्या कामात तर गणिती रचनेलाही स्पंज म्हणतात. एसएचए-३ हे संगणकातल्या माहितीची ओळखखूण काढायचं २०१५ चं प्रमाण त्याच्यावरच उभं आहे. माहिती तुकड्यातुकड्यांनी शोषून घ्यायची, आत घुसळायची, मग हवी तेवढी ठरावीक लांबीची खूण पिळून काढायची. पायऱ्यांची नावंसुद्धा तीच, शोषणं आणि पिळणं.

४०४ काका: शोषण्यावरून आठवलं, जिन्यातल्या कॉमन प्लगवर स्कूटर कोण चार्ज करतं?

५०१: काका, ते एकदाच केलं होतं, लाइट गेली होती तेव्हा.

४०४ काका: लाइट गेल्यावर कॉमन प्लगला कुठून येते रे?

५०१: जनरेटरवर.

४०४ काका: म्हणजे डिझेलसुद्धा आमचंच.

३०३ सर: कृपया. मी माझं पूर्ण करतो. अंघोळीचा अस्सल स्पंज म्हणजे त्या प्राण्याचा सांगाडा. जिवंत भाग कुजवून, धुऊन, बडवून काढला की स्पाँजिन नावाच्या प्रथिनाचं मऊ जाळं उरतं. ग्रीक बेटांवरचे पाणबुडे पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा करत. १९०० मध्ये सिमी बेटाचे असेच पाणबुडे वादळामुळे अँटिकिथेराजवळ थांबले, तिथे पाण्यात उतरले आणि त्यांना तळाशी प्राचीन जहाज सापडलं. ग्रहणांचा हिशेब करणारं ते प्रसिद्ध दातेरी यंत्र त्याच जहाजातलं.

२०३ वहिनी: प्लंबरला म्हणावं अजून थोडं खोल जा 😂

३०३ सर: आणखी ऐका. १९०७ मध्ये विल्सन नावाच्या शास्त्रज्ञाने जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून दाबून काढला. पेशी सुट्या झाल्या. त्या पाण्यात सरकत एकमेकींना शोधत गेल्या आणि पुन्हा स्पंज तयार झाला.

२०३ वहिनी: आपण पार्किंगच्या मीटिंगनंतर अजून सुटेच आहोत सर.

४०२ डॉक्टर: सरांच्या प्राण्याने आमच्यावरही उपकार केलेत. सायटाराबिन हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात सापडलेल्या रसायनांवरून बेतलं. अमेरिकेत १९६९ मध्ये मान्यता मिळाली, आजही वापरतो. आणि ऑपरेशनमध्ये रक्त टिपायच्या कापसाच्या जाळीदार घडीलाही आम्ही स्पंजच म्हणतो. सुरुवातीला मोजायचे, पोट शिवण्याआधी पुन्हा मोजायचे. एक कमी भरला तर सर्जन कितीही घाईत असू दे, शोधाशोध सुरू. त्यात एक्स-रेत दिसणारा धागा असतो तो त्यासाठीच. तेव्हा सचिवसाहेब, आधी मोजा, मग बिल फाडा.

१०४ काकू: आणि फोटो.

४०४ काका: डॉक्टर बोलल्या ते लाखातलं. माझी सगळी नोकरी स्पंज आयर्नच्या कारखान्यात गेली. लोहखनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून घ्यायचा. गोळा दिसायला तसाच राहतो, ऑक्सिजन गेला त्या जागी आत भोकं. हातात घेतला की हलका लागतो. तो माल भिजू द्यायचा नाही. पाणी लागलं की आतून तापतो, हायड्रोजन सोडतो, ढिगाला आग लागते. वरून गार दिसतो म्हणून कोणी हात लावायला गेलं की कळायचं.

२०३ वहिनी: काका, हे लोखंडाबद्दल होतं की तुमच्याबद्दल? 🙈

१०१ आजोबा: आमच्या वेळी बँकेत डबीत ओला स्पंज असे. नोटा मोजताना बोट लावायला. लोक थुंकी लावत म्हणून मॅनेजरने ठेवला होता. तो कोणी पाइपात टाकत नसे.

सचिव (२०१): धन्यवाद आजोबा. आता कृपया सर्वांनी थांबावे. वॉचमनकडून फोटो मागवला आहे.

सचिव (२०१): 📷 फोटो

१०४ काकू: हा स्पंज नाही. मध्ये आरपार भोक आहे.

२०३ वहिनी: आणि एका बाजूने उभी चीर. काळा, वीतभर. ईऽऽ

३०३ सर: वॉचमनला सांगा, बादलीत दाबून धरा आणि मग पिळा. पाणी किती सुटतं ते कळवा.

सचिव (२०१): पिळून झाला. पाणी सुटतच नाही. सोडला की वर तरंगतो, म्हणतोय.

३०३ सर: मग संपलं. घासणीतली छिद्रं एकमेकांत उघडणारी असतात, म्हणून ती पाणी पिते. याच्यात प्रत्येक बुडबुडा बंद आहे. पाणी आत जाणारच नाही.

५०१: एसीच्या तांब्याच्या नळीवरचं वेष्टण आहे ते. नळी थंड असते, बाहेरची दमट हवा तिला लागून पाणी टपकू नये म्हणून घालतात. हवा बंद बुडबुड्यांत कोंडलेली, म्हणून उष्णता जात नाही. उभी चीर नळीवर चढवायला. कारागीर उरलेला तुकडा उचलत नाहीत, डक्टमध्ये ढकलतात.

४०४ काका: वा! सचिवसाहेब, गेल्या आठवड्यात नवा एसी कोणाकडे बसला हो?

सचिव (२०१): दोन ठिकाणी बसला. २०१ आणि ४०४.

२०३ वहिनी: 🍿

४०४ काका: कारागीर तुम्ही पाठवलेला.

सचिव (२०१): तुम्ही मागितलात म्हणून नंबर दिला.

४०४ काका: आमच्या नळीचं वेष्टण पांढरं आहे. बघायला या.

सचिव (२०१): पांढरी पट्टी वरून गुंडाळलेली असते काका. आत काळंच असतं. आणि वस्तू वरून खाली पडते.

४०४ काका: दुसऱ्या मजल्यावरूनही पहिल्यावर खालीच पडते.

५०१: भोकाची रुंदी मोजली तर कळेल. दोघांचे एसी वेगळ्या क्षमतेचे असतील तर नळ्याही वेगळ्या असू शकतात.

सचिव (२०१): दोन्ही दीड टन. एकाच कंपनीचे.

४०४ काका: तेही तुम्हीच सुचवलं होतं.

१०४ काकू: डक्टमधल्या पाइपाचं तोंड उघडं आहे. त्यावर जाळी बसवा. मी मार्चपासून सांगतेय.

सचिव (२०१): काकू, जाळीचा विषय पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ.

३०२ (धाकटा): बॅटच्या आधी की नंतर?

४०४ काका: आधी ती सकाळची नोटीस मागे घ्या. "कोणीही स्पंज टाकू नये" म्हणे. टाकलाय कोणी स्पंज?

सचिव (२०१): नोटीस दुरुस्त करून पाठवतो. प्लंबरचं बिल २०१ आणि ४०४ यांच्यात निम्मं-निम्मं.

४०४ काका: मी कबूल कधी केलं?

१०४ काकू: जाळी.