पावसाळ्यात जुन्या गाडीला हँडब्रेक लावून ठेवावा की नुसती गिअरमध्ये ठेवावी?

राजारामपुरीची ८००
जुन्या गाड्यावाल्यांसाठी धागा आहे, नवीन इलेक्ट्रॉनिक बटणवाल्यांनी नुसतं वाचावं.

माझं मत: पावसाळ्यात गाडी दोन-चार दिवस हलणार नसेल आणि जागा सपाट असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवू नये. पहिला गिअर टाकावा, चाकाला मागंपुढं दगडाची उटी लावावी आणि घरात जावं.

कारण सांगतो. मारुती ८०० ला मागं ड्रम ब्रेक: चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा म्हणजे ड्रम, आणि त्याला आतून दाबून थांबवणाऱ्या कमानी म्हणजे शू. हँडब्रेक ओढला की केबल मागच्या दोन्ही चाकांतले शू ड्रमवर दाबून धरते. ड्रम बिडाचा (ओतीव लोखंडाचा), आणि बिडाला गंज किती लवकर धरतो हे कोल्हापुरात, फाउंड्र्यांच्या गावात मी सांगायला नको. लायनर (शूवरचा घासणारा थर) आणि ड्रम यांच्यात ओल अडकली की शू तिथंच चिकटून बसतो. मग सकाळी बटण दाबून लिव्हर खाली जाते, दिवा विझतो, सगळं नीट वाटतं. क्लच सोडला की मात्र गाडी मागचं बूड खाली दाबते आणि जागची हलत नाही. जोर लावला तर 'फाट्' असा आवाज येऊन सुटते, नाहीतर ड्रमवर हातोडी. ड्रम उघडून बघा, आत शूच्या आकाराचा तांबडा पट्टा उमटलेला असतो.

आता कायदा काढायच्या आधी: मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६. इंजिन बंद हवं, आणि ब्रेक लावलेला हवा किंवा गाडी आपोआप हलणार नाही असा दुसरा उपाय केलेला हवा. 'किंवा' आहे तिथं.

उद्यमनगर मिस्त्री
साहेब, उलटं सांगायलाय तुम्ही. हँडब्रेक वापरून जाम हुत न्हाई, न वापरल्यानं हुतोय. माझ्याकडं ज्या गाड्या जाम होऊन येत्यात, त्यातल्या निम्म्यांच्यात शू चिकटलेलाच नसतोय. केबल अडकलेली असती! बाहेरच्या नळीचं रबर फाटतंय, पाणी आत शिरतंय, आतली तार गंजती. ओढली की जाती, सोडली की माघारी येत न्हाई. मालक म्हणतोय "मी तर हँडब्रेक लावतच न्हाई". आरं मर्दा, म्हणूनच. वर्षभर जी तार हलली न्हाई ती ऐन घाटात ओढल्यावर काय करंल?

रोज लावा, रोज सोडा. पावसाच्या आधी केबलला ग्रीस, शूची सेटिंग. काम किरकोळ हाय, पण लिव्हर पार वर छताला लागंपर्यंत कुणी येत न्हाई.

आणि ते गिअरचं. गिअरमधली गाडी इंजिनच्या कॉम्प्रेशनवर, म्हंजे सिलिंडरात कोंडलेल्या हवेच्या दाबावर थांबती. तुमच्या इंजिनाच्या पिस्टनच्या रिंगा गेल्यात का? जुन्या गाडीत दाब हळूहळू झिरपतोय. जरा उतार असला की गाडी एकेक कॉम्प्रेशन सोडत इंचाइंचानं उतरती. रात्री लावलेली सकाळी शेजाऱ्याच्या गेटला टेकलेली.

राजारामपुरीची ८००
मिस्त्री, केबलचं शंभर टक्के मान्य, मी रोज वापरतोच. सिग्नलला, चढावर, बाजारात उभी करताना. माझा मुद्दा फक्त पावसात दिवसेंदिवस उभ्या राहणाऱ्या गाडीचा आहे. आणि सपाट जागा म्हटलंय. नीट वाचा की.

पन्हाळा अप-डाउन
मी मिस्त्रींच्या बाजूने, पण कारण वेगळं आहे. 'गिअर पुरेसा आहे' ही सवय एकदा लागली की माणूस ती पंक्चरच्या वेळीही वापरतो आणि तिथे घात होतो.

८०० चं इंजिन पुढची चाकं फिरवतं. म्हणजे गिअरमध्ये ठेवली की अडतात ती पुढची चाकं. आता पुढचं एक चाक जॅकवर उचला. डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) ते हवेतलं चाक मोकळं उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक सुटतं. गिअर असून नसल्यासारखा! त्या क्षणी गाडीला धरून ठेवतो तो फक्त मागचा हँडब्रेक. पन्हाळ्याच्या चढावर पावसात पुढचं चाक बदलताना ज्यांनी हँडब्रेक 'चिकटतो' म्हणून सोडून दिलाय, त्यांनी जॅक लावण्याआधी हे लक्षात घ्यावं.

विलिसवेडा
वरच्या मुद्द्यात भर. जुन्या विलिस जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतोच! ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे एक छोटा ड्रम असतो, तो प्रॉपेलर शाफ्टला, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याला धरतो. त्यामुळे मागचं चाक जॅकवर घेतलं की हँडब्रेक लावलेला असूनही जीप घसरू शकते, तेच डिफरन्शियलचं गणित. चाकांतल्या ड्रममध्ये चिखल गेला तरी हा ब्रेक वर कोरडा राहतो, हा त्याचा फायदा. पण ट्रान्सफर केसचं सील गळायला लागलं की तेल थेट ह्याच ड्रममध्ये, आणि मग हँडब्रेकचा दांडा कितीही ओढा, उपयोग नाही. गाडी धावत असताना मात्र चुकूनही ओढू नका, सगळा झटका शाफ्टला बसतो.
(८०० वाल्यांनो, तुमचं चालू द्या.)

शाहूपुरी ३री गल्ली
तुम्ही सगळे डोंगरावर राहता बहुतेक. आमच्याकडं २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा आली. पाणी चढायला लागलं तेव्हा गल्लीतल्या निम्म्या गाड्यांचे मालक गावाला, गाड्या कुलूपबंद. हँडब्रेकवर असलेल्या हलल्या नाहीत, गिअरमधल्याही हलल्या नाहीत. न्यूट्रलमध्ये दगड लावून ठेवलेली एक जुनी व्हॅन तेवढी पोरांनी ढकलत वर नेली. पाणी ओसरल्यावर ड्रममधून गाळ काढला तेव्हा हँडब्रेकवाल्यांचे शू खरवडून काढावे लागले.
म्हणून पूररेषेत राहणाऱ्यांनी सपाट जागेवर नुसता दगड लावावा. गिअर पण नको.

उद्यमनगर मिस्त्री
आणि पोरांनी खेळता खेळता दगड काढला तर?

शाहूपुरी ३री गल्ली
आमच्या गल्लीत सपाटीला गाडी ढकलायला चार जण लागतात, मिस्त्री.

गगनबावडा लाईन
दोन्हीकडचे लोक क्रम सांगत नाहीत. पायाचा ब्रेक दाबून थांबा, न्यूट्रल, हँडब्रेक, मग पायाचा ब्रेक हळू सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या, आणि शेवटी गिअर. चढाकडे तोंड असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. बहुतेक जण आधी गिअर टाकून पाय काढतात, गाडी गचका खाऊन गिअरवर लटकते आणि मग हँडब्रेक शोभेला ओढतात.

चिकटण्याचं म्हणाल तर आमच्याइतका पाऊस तुमच्याकडे नाही. मी पाण्यातून आल्यावर शेवटचा थोडा रस्ता ब्रेक हलकेच दाबत येतो, ड्रम गरम होऊन सुकतो. मग हँडब्रेक लावला तरी सहसा चिकटत नाही. फक्त घाट उतरून आल्या आल्या कचकचून ओढू नका. तापलेला ड्रम फुगलेला असतो, गार होताना आकसून शूला आवळतो.

राजारामपुरीची ८००
सुकवून आणण्याचं पटलं, करून बघतो. पण गाडी उघड्यावर उभी असेल तर रात्रीत पाऊस परत भिजवणारच. दोन दिवसांच्या वर मी दगडच लावणार.

ॲक्टिवा, मंगळवार पेठ
दगडवाल्या काकांना एक विनंती. गाडी काढताना तो दगड उचलून कडेला ठेवायचा असतो. जोतिबाच्या रस्त्यावर वळणावळणाला तुमच्या उट्या पडलेल्या असतात, रात्री पावसात त्या दिसत नाहीत आणि दोन चाकांवर आम्ही असतो.

राजारामपुरीची ८००
रास्त आहे. मी सागवानी ठोकळा कापून घेतलाय, त्याला सुतळी बांधून दुसरं टोक दाराच्या हँडलला. ठोकळा काढल्याशिवाय दार उघडता येत नाही.

उद्यमनगर मिस्त्री
सुतळी भिजून कुजती. नायलॉन घ्या. आणि येताना गाडी घेऊन या, केबल बघू.