पूरमैदानातील दलदलीत वनस्पतींचे पट्टे कशामुळे पडतात?

प्रश्न : मोठ्या नद्यांच्या पूरमैदानांतील गोड्या पाण्याच्या उथळ दलदलींत काठाशी लव्हाळे, पुढे पाणकणीस आणि खोल भागात कमळे असे पट्टे दिसतात. याला केवळ पाण्याची खोलीच कारणीभूत आहे का?

उत्तर : खोली महत्त्वाची आहेच, परंतु पाणी वर्षातून किती काळ साचून राहते, हे माझ्या मते अधिक निर्णायक ठरते. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. तरीही पाणकणीस तेथे तगते, कारण पानांतून थेट मुळांपर्यंत हवा पोहोचवणाऱ्या पोकळ्या त्याच्यात असतात. पान आडवे कापून पाहा, पातळ पडद्यांनी विभागलेले कप्पे नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

दुसरे उत्तर : पाणी ओसरणेही तितकेच आवश्यक आहे, हे येथे जोडावेसे वाटते. दलदलीतील अनेक वनस्पतींचे बी चिखलात वर्षानुवर्षे सुप्त पडून राहते आणि चिखल उघडा पडून त्याला ऊन व हवा मिळाली की रुजते. म्हणूनच बांध घालून पाण्याची पातळी कायम एकसारखी ठेवली, की पाणकणसासारख्या, आडव्या खोडांनी पसरणाऱ्या मोजक्याच जाती सारी जागा व्यापतात. ही हानी हिरवाईआड झाकली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. गाळाचाही यात वाटा असतो का?

पहिले उत्तरदाते : निश्चितच. भरड वाळू नदीलगत बसते, बारीक गाळ आत दूरवर जातो. त्यातून जमिनीच्या उंचीत पडणारा काही सेंटिमीटरांचा फरकही पट्टा बदलण्यास पुरतो.